आतोबांचे आठ सेकंद

आमच्या आतोबांइतका सावकाश माणूस अख्ख्या हैदराबादेत झाला नसेल, आणि हे शहर काही घाईसाठी प्रसिद्ध नाही. इथे "पाच मिनिटांत येतो" म्हणणारा माणूस दोन चहा झाल्यावर उगवला तरी त्याला कोणी उशीर म्हणत नाही. पण आतोबांचा सावकाशपणा त्या जातीचा नव्हता. ते सकाळी सातला टेबलाशी बसत, मान आखडेपर्यंत वाकून काम करत, आणि वर्षअखेरीला माझ्या वडिलांनी, म्हणजे त्यांच्या मेहुण्यांनी, यंदा काय काय केलंत म्हणून सहज विचारलं तर अगदी तृप्त चेहऱ्याने सांगत, "यंदा सात मिनिटं झाली." वडील शेतकी खात्यात होते. वर्षाला सात मिनिटं काम करणारा माणूस आपल्या बहिणीला कसा सांभाळणार, हा प्रश्न त्यांना बहिणीच्या लग्नानंतरही बरीच वर्षं पडत असे.

आतोबा कार्टून फिल्म काढायचे. ज्या काळात आमच्याकडे हे काम करणारा दुसरा कोणी नव्हता, त्या काळापासून काढायचे. त्यामुळे त्यांचं चुकतंय हे सांगायला कोणी नव्हतं, आणि बरोबर आहे म्हणायलाही नव्हतं. उदगीरकडच्या एका शेतकरी घरातला हा मुलगा. शाळेत भूगोलाच्या पुस्तकाच्या कोपऱ्यात त्याने पानापानावर एक बैल काढला. पानं भरभर सोडली की तो बैल मान वळवून बघायचा. मास्तरांनी पुस्तक पकडलं, दोन छड्या दिल्या, आणि मग तास संपेपर्यंत स्वतःच पानं सोडत बसले. पुढे आतोबा शिकायला हैदराबादेत आले, सरकारच्या प्रचाराच्या एका कचेरीत भिंतीवरची चित्रं रंगवायला लागले, आणि तिथल्या साहेबांना त्यांनी कधीतरी पटवलं की हीच चित्रं हलली तर लोक जास्त बघतील. साहेब म्हणाले, हलवा. कॅमेरा मिळाला, पण तो चित्रावर उलटा धरून ठेवायला स्टँड नव्हता. आतोबांनी घरचं शिवणयंत्राचं टेबल नेलं आणि सुताराकडून त्याचा स्टँड करून घेतला. आत्याचं मशीन त्यानंतर अकरा वर्षं जमिनीवर होतं. पुढे ते पाटावर आलं, आणि त्याला आत्या बढती म्हणत असे.

कचेरीला हव्या असायच्या लशीच्या, विहिरीच्या, छोट्या कुटुंबाच्या फिल्म. आतोबा त्या मन लावून करत. त्यांच्या लशीच्या फिल्ममधली सुई इतकी लाजाळू होती की ती टोचून घ्यायला मुलंच पुढे सरसावत. पण त्यांचा जीव होता सणाच्या फिल्ममध्ये. तीन-चार मिनिटांची एखादी फिल्म, सिनेमाघरात मुख्य खेळाच्या आधी लागायची. संक्रांतीच्या फिल्ममध्ये एक फाटका पतंग घराघराच्या गच्चीवर जाऊन ठिगळासाठी कापड मागत हिंडायचा. ईदेच्या फिल्ममध्ये चंद्र मिनाराच्या आड लपून बसायचा आणि एक चष्मेवाली आजी त्याला कान धरून बाहेर काढायची. आणि दिवाळीची फिल्म म्हणजे ओल्या फटाक्याची. सगळे फटाके उडून जातात, हा एकटा पायरीवर बसलेला. येणाराजाणारा त्याच्याकडे बघतो आणि पुढे जातो. मी शाळेत असताना आतोबांबरोबर आबिड्सच्या एका टॉकीजमध्ये ती पाहिली. मागच्या रांगेतला एक दाढीवाला माणूस कळवळून म्हणाला, "अरे, उसकू बी कोई जलाओ रे." मी अभिमानाने मागे वळून सांगणार होते, की ही यांनी काढलीय. आतोबांनी माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाले, "सांगू नको. बघू दे त्याला."

माणूस घरात शिरला की आतोबांना तो दिसत नसे, त्याचं शिरणं दिसत असे. टेबलावर चित्राशेजारी एक आरसा असायचा. त्यात बघून ते रागवायचे, लाजायचे, शिंकायचे, म्हातारे व्हायचे. कामाला आलेल्या नव्या बाईने पहिल्याच दिवशी त्यांना आरशासमोर हमसाहमशी रडताना पाहिलं, आणि आत्याचा हात धरून ती म्हणाली, "अम्मा, सारला काय दुःख आहे ते विचारा तरी." तेव्हा आतोबा एका पावसात भिजलेल्या कोंबडीचं काम करत होते. वस्तू पाडून बघणं हाही त्यांचा उद्योग. लिंबू, चमचा, रबर, आत्याचा लोकरीचा गुंडा, सगळं एकेकदा टेबलाच्या उंचीवरून खाली गेलेलं. एकदा त्यांनी वांगं पाडलं आणि बराच वेळ विचार करून सांगितलं, की लिंबू पडल्यावर उसळतं, वांगं पडल्यावर बसतं. आत्याने ते वांगं उचललं, धुतलं आणि चिरलं.

त्यांच्या या स्वभावापायी माझं लग्न मोडता मोडता राहिलं. मंडळी पुण्याची, नोकरीनिमित्त हैदराबादेत आलेली, वागण्याबोलण्यात अगदी काटेकोर. मुलगा आणि घरची माणसं आधीच येऊन पोहे खात होती; खास बघायला येणारी त्याची मावशी मागून आली. आमच्या उंबऱ्याला तिचा पाय लागला, ती पुढे झुकली, हातातली पर्स सावरली, आणि जणू काहीच झालं नाही अशी मान ताठ करून आत आली. सगळ्यांनी मोठ्या सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं. आतोबा मात्र उठून पुढे गेले, हात जोडले आणि अत्यंत आदराने म्हणाले, "ताई, तेवढं परत एकदा अडखळता का?" खोलीत पोह्यांचे चमचे थांबले. वडिलांनी डोळे मिटले. आतोबांना काही चुकल्याचं कळलंच नाही. ते समजावून सांगत राहिले, की पर्स आधी सावरली की मान आधी उचलली, एवढंच त्यांना बघायचं होतं. तरीही आठ दिवसांनी होकार आला, आणि लग्नानंतर नवऱ्याने मला सांगितलं, की मावशीला कोणीतरी इतक्या काळजीने बघितलेलं त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, म्हणून त्याने हट्टाने होकार कळवला.

पण सणांच्या फिल्म करणारा हा माणूस सणाला घरी नसायचा. फिल्म थिएटरात पोचली की काम संपलं असं त्यांना वाटतच नसे. दिवाळीला फराळाचं तोंडदेखलं खाऊन ते बाहेर पडत आणि एका टॉकीजमधून दुसऱ्या टॉकीजमध्ये, मागच्या दारापाशी उभे राहून, लोक कुठे हसतात आणि कुठे खोकतात ते बघत हिंडत. घर नामपल्लीला, नुमाइशच्या, म्हणजे दरवर्षीच्या प्रदर्शनाच्या, मैदानामागच्या गल्लीत. तिथे आत्या स्वयंपाक आवरून, दोन ताटं मांडून बसायची. आम्ही मुलं तिच्याकडे दुपारी फराळाला जायचो तेव्हा ती जेवलेली नसे. भूक नाही म्हणायची. त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि आत्याने या बाबतीत कधी कुणाकडे तक्रार केलेली मला आठवत नाही. आतोबा येत ते चार-साडेचारला, खुशीत. येताच सांगायला लागत, की फटाका एकटा उरतो तिथे आज एक पोलीसवाला नाक पुसत होता. आत्या पुरण पुन्हा गरम करायची.

आतोबा निवृत्त झाले आणि दोनच वर्षांत कचेरीतला त्यांचा विभाग बंद पडला. घराघरात रंगीत टीव्ही आले होते, थिएटरात आधीची फिल्म बघायला कोणी वेळेवर येत नव्हतं. मग केबल आली. गल्लीतल्या विजेच्या खांबांवरून काळ्या वायरी लोंबायला लागल्या, आणि ज्या देशांची नावं आम्ही भूगोलात पाठ केली होती तिथली कार्टून चोवीस तास घरात यायला लागली. मला वाटलं, आतोबा खचतील. ते शेजाऱ्यांच्या दारात उभे राहून तासन्‌तास बघत आणि घरी येऊन म्हणत, "हात चांगला आहे पोराचा. पण त्याला घाई फार." हा पोरगा म्हणजे साता समुद्रापलीकडची दीडदोनशे माणसांची कंपनी होती, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या फिल्मच्या पेट्या मात्र कचेरीच्या कुठल्याशा गोदामात गेल्या, आणि पुढे त्या गोदामाचंही कार्यालय झालं. मी तेव्हा बँकेत नोकरीला होते; तिथून दोनदा अर्ज करून विचारलं. उत्तर आलं, की नोंद सापडत नाही. आतोबांना सांगितलं तर ते म्हणाले, "लोकांनी बघितल्या ना? मग झालं."

याच सुमाराला अमेरिकेहून परतलेल्या एका गृहस्थांनी बंजारा हिल्सला थंडगार काचेच्या इमारतीत कार्टूनची कंपनी काढली. परदेशच्या कंपन्यांचं काम इथे करून द्यायचं. त्यांच्याकडे कॉम्प्युटर होते, तीस तरुण मुलंमुली होती. ज्याने हयातभर हाताने चित्रं हलवलीत असा माणूस नव्हता. त्यांना कुणीतरी आतोबांचं नाव सांगितलं. त्रेसष्टाव्या वर्षी आतोबा खिशाला पेन्सिली लावून, एसीसाठी आत्याने दिलेला स्वेटर घालून, सिटी बसने नोकरीवर जायला लागले. पहिल्या रविवारी मी विचारलं, काम कसं आहे? त्यांनी सांगितलं, की हालचाल सुरू होते ते चित्र तिकडून येतं, संपते तेही तिकडून येतं, मधली सगळी चित्रं इथे भरायची. "तोंड आणि शेपूट त्यांचं. पोट आपलं," ते म्हणाले. मला ते ऐकून वाईट वाटलं. त्यांना वाटलं नव्हतं. सगळी गंमत पोटातच असते, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या वर्षी कंपनीकडे नाताळची एक फिल्म आली होती. त्यात एक जागा अशी होती: बर्फ पडतोय, एका लाकडी घराच्या खिडकीत एक म्हातारा सणाच्या दिवशी कुणाची तरी वाट बघत बसलाय. आठ सेकंद. मुलांनी बर्फ करून पाठवला, तिकडून परत आला. हा पाऊस वाटतो म्हणे. पुन्हा केला, पुन्हा परत आला. या खेपेला गारा वाटल्या. तिसऱ्यांदा परत आला तेव्हा मालक आतोबांच्या टेबलाशी आले. आतोबांनी सगळ्या मुलांना गोळा केलं आणि विचारलं, बर्फ कुणी कुणी पाहिलाय? कुणीच पाहिला नव्हता. मालकांनी पाहिला होता, पण गाडी चालवताना, आणि तेव्हा त्यांचं लक्ष रस्त्यावर होतं.

दुसऱ्या दिवसापासून आतोबा कंपनीत जाईनात. आत्याचा मला बँकेत फोन आला, की हे सकाळी डबा घेऊन जातात आणि संध्याकाळी पांढरे होऊन परत येतात. केसांत पांढरं, भुवयांत पांढरं, आणि खोकला. छाती मुळात नाजूक, डॉक्टरांनी धुळीत जायचं नाही म्हणून बजावलेलं. मी जेवणाच्या सुट्टीत बँकेतून निघाले आणि आत्याने सांगितलेल्या पत्त्यावर अफझलगंजला गेले. एका गल्लीत गाद्या-रजया भरणाऱ्या पिंजाऱ्याचं दुकान होतं. थंडीचे दिवस, काम जोरात. आत कापूस पिंजला जात होता आणि सगळं दुकान तरंगत्या कापसाने भरलेलं होतं. कोपऱ्यात स्टुलावर आतोबा, नाकाला आत्याच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधून, मांडीवर वही.

पिंजारी मस्तानभाई माझ्याकडे बघून म्हणाले, "अम्मा, चार रोज हो गये. पूछा, गादी होना कि रजई? बोलते, कुछ नक्को मियाँ, तुम धुनो, मैं देखतूँ." त्यांचा सूर तक्रारीचा नव्हता. चार दिवसांत त्यांनी आतोबांसाठी एक वेगळा कप ठेवला होता.

मी आतोबांना रागावले. चला म्हटलं, छातीत कापूस जातोय. ते म्हणाले, "थांब. जरा बस इथे." मी बसले. त्यांनी पेन्सिलीने हवेतला एक पुंजका दाखवला. तो खाली येत होता, मध्येच थांबला, थोडा वर गेला, बाजूला झाला आणि मग मस्तानभाईंच्या खांद्यावर उतरला. "पोरं त्याला पाडतात," आतोबा म्हणाले. "हे पडत नाही. खाली यायला कबूल होतं." आम्ही दोघं बराच वेळ ते बघत बसलो, आणि मला त्या दिवशी बँकेत पोचायला उशीर झाला.

पुढचे पंधरा दिवस त्यांनी ते आठ सेकंद हाताने काढले. आठ सेकंदांना एकशे ब्याण्णव चित्रं. बर्फ झाला, पण त्यात त्यांनी एक आगाऊपणा केला. तिकडून आलेल्या पहिल्या चित्रात म्हातारा बसलेला होता, शेवटच्या चित्रातही बसलेलाच होता. म्हणजे मध्ये त्याने काही करायचं नव्हतं. आतोबांनी मधल्या पोटात त्याला उठवलं. कसलीशी चाहूल लागते, म्हातारा गुडघ्यावर हात टेकून अर्धा उठतो, दाराकडे बघतो, कोणी नसतं, तो हळूहळू परत बसतो, आणि जणू तेवढ्याचसाठी उठलो होतो अशा आविर्भावात गळ्यातला मफलर नीट करतो. मालक घाबरले. सांगितलेलं नाही ते केलं तर पुढचं काम जाईल, हे त्यांनी तीन भाषांत सांगितलं. आतोबांनी त्यांना एवढंच विचारलं, की वाट बघणारा माणूस आठ सेकंद नुसता बसून राहिलेला तुम्ही कधी पाहिलाय का? मालकांनी ते तसंच पाठवलं, मला वाटतं वेळ उरला नव्हता म्हणून. आठवड्याने उत्तर आलं. बर्फ ठेवा, उठणंही ठेवा.

फिल्म पुढच्या वर्षी नाताळच्या दिवशी दुपारी केबलवर लागली. माझ्या बँकेला सुट्टी होती. आत्याकडे नुकतीच केबल आलेली. आम्ही तिघं बसलो होतो. आत्या मटार सोलत होती, कारण इंग्रजी तिला कळत नसे आणि मटार संध्याकाळी लागणार होते. ती जागा आली. बर्फ पडायला लागला, अफझलगंजच्या त्या दुकानात पडत होता तसाच. म्हातारा अर्धा उठला, बसला, त्याने मफलर सारखा केला. फिल्म पुढे गेली. आत्याचे हात मात्र थांबले होते.

"हे मी आहे," ती म्हणाली.

मी हसून म्हटलं, आत्या, तो दाढीवाला गोरा म्हातारा आहे. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिचा डावा हात पदराकडे गेला होता, आणि तेव्हा मलाही दिसलं. दिवाळीच्या दुपारी फाटकाची कडी वाजली की ती अशीच अर्धी उठायची. शेजारचं कोणी असलं की बसायची आणि पदर सारखा करायची. हे मी कितीतरी वेळा पाहिलं होतं आणि कधी बघितलं नव्हतं.

"तुम्हाला कसं ठाऊक?" तिने विचारलं. "तुम्ही तर नसायचात."

आतोबा टीव्हीकडे बघत म्हणाले, की एका दिवाळीला एका टॉकीजचं मशीन बिघडलं, म्हणून ते लवकर निघाले होते. गल्लीत शिरले तर वाऱ्याने फाटक वाजलं, आणि खिडकीतून ती उठताना दिसली.

"मग आत का नाही आलात?"

"परत एकदा बघायचं होतं," आतोबा म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "फाटक मी आणखी दोनदा वाजवलं."

आत्या मटारांचं ताट घेऊन आत गेली.  आतोबा गुडघ्यावर हात ठेवून बसून होते, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला त्यांच्याकडे बघवेना. फिल्म संपली, नावांची लांबलचक यादी वर सरकत गेली. त्यांचं नाव त्यात नव्हतं. ते शोधण्याइतकं आमचं कुणाचं लक्षही नव्हतं. मग आत्या तीन कप चहा घेऊन आली, त्यांच्या हातात कप देत म्हणाली, "मफलर घातलात ते बरं केलंत. पदर त्याला शोभला नसता."

नवीन वर्षात कंपनीला दुसरी मोठी फिल्म मिळाली. मालक स्वतः गाडी घेऊन नामपल्लीला आले. आतोबांनी त्यांना सांगितलं, की मुलांना शिकवायला येईन, पण सणाला मी घरी असतो. असतो, असंच म्हणाले, जणू जन्मभर असत आले होते.

त्या दिवाळीला ते खरोखर घरी होते, आणि घरी काय करायचं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. नवा सदरा घालून ते सकाळपासून या खोलीतून त्या खोलीत फिरत होते. शेवटी आत्याने त्यांच्या हातात रांगोळीचा डबा दिला आणि अंगणात बसवलं. त्यांनी तीन तास लावून एक मोर काढला. आत्या पदराला हात पुसत आली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा आता हलणार नाही ना कुठे?" आतोबा म्हणाले, नाही. "मग चला जेवायला."

अशा पाच दिवाळ्या झाल्या. दरवर्षी रांगोळी आतोबांची. पाचव्या वर्षी त्यांचा हात थरथरत होता आणि मोराची मान दोन ठिकाणी वाकडी आली. ती आत्याला फार आवडली. दुपारी वारा सुटला तशी तिने मोरावर बांबूचं मोठं डालगं उपडं घातलं, आणि ते पुढे तसंच राहिलं. महिनाभराने आतोबा गेले. सकाळी चहाचा कप हातात असताना गेले.

सगळं आटोपून माणसं भेटायला यायला लागली तेव्हा शेजारच्या बाईंनी आत्याला हलक्या आवाजात सांगितलं, की अशा घराच्या अंगणात रांगोळी ठेवत नाहीत, मी पुसून घेते.  आत्याने एक खुर्ची अंगणात डालग्याशेजारी नेऊन ठेवली आणि त्यावर बसली. फाटकातून येणाऱ्या प्रत्येकाला ती एवढंच सांगत होती, "जरा कडेने या."